लाइनला लागून घर

आमच्या समोरच्या दारात बबन रेवाळे राहतो. वयाने माझ्यापेक्षा बराच मोठा, तरी मनातल्या मनात मी त्याला अरे-तुरेच करते. तोंडावर बबनशेठ म्हणते, कारण सगळं भाईंदर पश्चिम म्हणतं. शेठ कसला, इस्टेट एजंट. स्टेशनसमोरच्या गल्लीत त्याचा गाळा आहे. एक टेबल, तीन खुर्च्या आणि भिंतीभर गावाचा नकाशा. नकाशातली रेल्वेची लाइन त्याने लाल पेनाने इतक्या वेळा गिरवली आहे की तिथं कागद फाटला. फाटल्या जागी त्याने चिकटपट्टी लावली आणि तीही लाल केली.

घर दाखवायची त्याची एक रीत आहे. गिऱ्हाइकाला तो फलाटाच्या जिन्याखाली भेटतो आणि आधी त्याचंच घड्याळ त्याला बघायला लावतो. "बघा हां, किती वाजले ते." मग असा सुटतो की मागचा माणूस धापा टाकत येतो. बिल्डिंगच्या दारात वळून विचारतो, "किती झाली? पाच मिनिटं. आपण खोटं बोलत नाय." खोटं नसतंच ते. फक्त ती पाच मिनिटं बबनच्या पायांची असतात. गिऱ्हाईक गुडघ्याने अधू असलं तर तो रिक्षा करतो आणि रिक्षात इतकं बोलतो की घड्याळ बघायचं कोणाला सुचू नये. एका लंगड्या म्हाताऱ्याला त्याने असंच तिसऱ्या मजल्यावरचं घर विकलं, लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमध्ये. तो म्हातारा मरेपर्यंत गॅलरीत बसून गाड्या बघत राहिला. बबन हा किस्सा हसत हसत सांगतो. "स्टेशन जवळ पायजे होतं ना? दिलं. जायचं कसं ते त्याने बघावं."

आम्ही घर घ्यायला आलो तेव्हा त्याने आडनाव विचारलं. सोनकांबळे म्हटल्यावर नकाशावरचं त्याचं बोट लाल लाइनीपासून घसरत घसरत पार कडेला गेलं. म्हणाला, "तुमच्यासारख्यांसाठी तिकडे शांत वस्ती आहे." माझे मिस्टर जितेंद्र मुकाट ऐकून घेणारे. मी नाही. मी म्हटलं, "शांत वस्ती एवढी चांगली तर तुम्ही का नाही राहत तिथं?" पुढे त्याच्या समोरच्या फ्लॅटचं गिऱ्हाईक ऐनवेळी फिरलं, मालकाला घाई होती, म्हणून ते घर आम्हाला मिळालं. अशी ही शेजारधर्माची सुरुवात.

मी भूगोलाची शिक्षिका. पूल ओलांडून जेसल पार्ककडच्या शाळेत जाते. त्यामुळे जिन्यात भेटलो की बबनची ठरलेली चेष्टा, "काय बाई, आज कुठली नदी कुठे नेऊन सोडली?" राग यायचा, पण त्याचा भूगोल इथल्यापुरता पक्का होता हे मलाही नाकारता येत नाही. एका अंगाला समुद्र, डोक्याशी खाडी, दुसऱ्या अंगाला डोंगर आणि जंगल, मध्ये मिठागरं. मुंबईतून बाहेर पडलेल्या माणसाला पसरायला जागाच नाही. काडीसारखी एक पट्टी आणि तिच्यातून जाणारी एक लाइन. कामाला जायचं तर त्याच लाइनीने आणि मरायला परत यायचं तर त्याच लाइनीने. जुने लोक सांगतात, एके काळी इथलं मीठ मालगाडीने जायचं. मग माणसं इतकी झाली की मिठाला ट्रकवर बसवलं.

बबन परळच्या चाळीतून इथं आला तेव्हा चाळकऱ्यांनी विचारलं होतं, मीठ चाटायला चाललास काय? तो म्हणाला, लाइन आहे ना, माणसं येतील. माणसं आली. चिखल होता तिथं बाजार झाला, बाजार होता तिथं टॉवर झाले, लाइनी वाढल्या. प्रत्येक वेळी बबन खरा ठरला. एकदाही तोंडावर पडला नाही, आणि तिथंच घात झाला. आपल्या पायाखालच्या पट्टीचा नियम म्हणजे साऱ्या जगाचा नियम, असं त्याच्या डोक्यात घट्ट बसलं.

त्याचं स्वतःचं घर अर्थातच लाइनला लागून. बेडरूमच्या खिडकीखाली गटार, मग भिंत, मग रूळ. जलद गाडी गेली की मांडणीतल्या वाट्या एकमेकींवर आपटतात. बबन म्हणतो, "भिंत हलली की भाव हलतो." त्या बेडरूममध्ये त्याची बायको इंदूबाई सगळं आयुष्य झोपली. झोपली म्हणजे जागी पडून राहिली.

इंदूबाई रत्नागिरीकडच्या एका आतल्या गावची. लग्न होईपर्यंत तिने आगगाडी बघितलीही नव्हती. इतकी वर्षं होऊनही गाडीचा आवाज तिच्या अंगवळणी पडला नाही. लांब पल्ल्याची गाडी भोंगा देत आली की हातातलं काम टाकून ती दोन्ही तळवे कानांवर दाबायची. डोळे मिटायची आणि गाडी जाईपर्यंत तशीच उभी राहायची. कणीक मळताना गाडी आली तर पिठाचेच हात कानाला. म्हणून तिच्या कानांच्या पाळ्यांना बहुतेक वेळा पीठ लागलेलं असायचं. बबन लोकांत सांगायचा, "आमची मिसेस कानाने पोळ्या लाटते." लोक हसायचे, तीही हसायची. पण ते पीठ तिथं का लागतं, हे त्या माणसाने एवढ्या वर्षांत एकदाही विचारलं नाही.

एकदा सुट्टीच्या दिवशी मी तिला बसने समुद्राकडच्या डोंगरी गावाला नेलं. काम काही नव्हतं, नुसतं वारं खायला. तिथं एका झाडाखाली बाकावर आम्ही बसलो. मी शाळेतलं काहीतरी सांगत होते. बघते तर बाई झोपलेली. मान छातीवर, तोंड किंचित उघडं. लहान मूल झोपतं तशी गाढ. ऊन तिच्या पायांवर आलं तरी मी उठवलं नाही. जाग आली तेव्हा लाजली. म्हणाली, "राजश्री, मेले मी! किती वेळ गं? यांना सांगू नको हां." आणि बस येईपर्यंत गप्प बसून नुसती ऐकत राहिली. ऐकायला तिथं काहीच नव्हतं.

तिचा मुलगा निकेत इंजिनियर झाला आणि अमेरिकेत नोकरीला लागला. नेब्रास्का नावाच्या राज्यातलं एक छोटं गाव. धान्य साठवायच्या घराएवढाल्या लोखंडी कणग्या बनवणाऱ्या कंपनीत काम. लग्न झालं, सून संचिता तिकडे गेली. काही वर्षांनी तिला दिवस गेले. संचिताला आई नाही, ती कॉलेजात असतानाच वारली. त्यामुळे बाळंतपणाला इंदूबाईने जायचं हे न बोलता ठरलं. त्याच सुमारास निकेत घर घ्यायला निघाला.

एका रविवारी इंदूबाईने मला हाक मारली. निकेत फोनवरून घर दाखवत होता. गावाच्या कडेला बैठं घर, मागे अंगण, अंगणात एक मोठं झाड. संचिताच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं की तिने मनाने सामान लावून टाकलंय. इंदूबाई म्हणाली, "निकेत, जरा गप उभा राहा रे." तो उभा राहिला. आम्ही सगळे फोनकडे बघत बसलो. वाऱ्याने झाडाची पानं हलली ती दिसली आणि ऐकूही आली.

"काहीच ऐकू येत नाय रे," इंदूबाई म्हणाली. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "मी तिथं झोपणार बघ, राजश्री."

सोफ्यावरून बबनने विचारलं, "स्टेशनपासून किती लांब?"

"बाबा, इथं स्टेशन नाहीये."

"म्हणजे गाडीच नाय?"

"लाइन आहे, पण—"

"लाइन आहे ना? मग झालं की." बबनने स्वतःचा फोन काढला, त्यात गावाचा नकाशा लावला आणि बोटाने मोठा केला. गावाच्या मधोमध लाइन जात होतीच. "अरे, ही तर डबल लाइन आहे! आणि हे काय, हिला लागून घर विकायला आहे, फोटोपण टाकलेत. हे सोडून तू जंगलात काय बघतोयस? आणि ही बिल्डिंग कसली?"

"ते जुनं स्टेशन. आता तिथं आइस्क्रीमचं दुकान आहे."

"दुकान आहे म्हणजे वर्दळ आहे."

"बाबा, त्या लाइनीवरून फक्त मालगाड्या जातात. मका, कोळसा, असलंच."

"आज मका जातोय, उद्या माणसं जातील. आमच्याकडे पण आधी मीठच जायचं."

आता संचिता पुढे आली. शांतपणे म्हणाली, "बाबा, मला ते घर नकोय. ते लाइनीच्या पलीकडे आहे. इथल्या मालगाड्या अख्ख्या गावापेक्षा लांबलचक असतात. पुढे जागा मिळाली नाही की फाटकं अडवून तासन्‌तास उभ्या राहतात. हॉस्पिटल ह्या बाजूला आहे."

"सूनबाई, फाटकं आम्हीपण बघितलीत. फाटकामुळे कोण मरत नाय."

मला राहवलं नाही. म्हटलं, "बबनशेठ, प्रत्येक देशाची लाइन निराळी असते. जपान बघा. मध्ये सगळे डोंगर, माणसं किनाऱ्याच्या पट्टीत कोंबलेली, आपल्यासारखी. म्हणून तिथं माणसांच्या गाड्या. अमेरिकेचा मधला भाग म्हणजे नुसतं सपाट रान. गावं एकमेकांपासून कुठच्या कुठे. माणूस मोटारीने जातो, नाहीतर विमानाने. रुळावरून जातं ते धान्य आणि कोळसा, कारण तेच जड आणि त्यालाच लांब जायचं असतं. ती लाइन माणसासाठी ठेवलेलीच नाही. तिच्याजवळ राहून माणसाला मिळणार काय?"

बबनने माझ्याकडे बघितलं. "बाई, तुम्ही आजवर घरं किती विकली?"

झालं. गाढवापुढे वाचली गीता. इंदूबाई खाली बघत होती. तेवढ्यात खिडकीखालून गाडी गेली आणि तिचे हात आपोआप कानांवर गेले. निकेत तिकडून म्हणाला, "बाबा, आम्हाला दोघांना हेच घर आवडलंय."

तेव्हा बबनने हुकमाचा पत्ता टाकला. आवाज न चढवता. असे लोक आवाज चढवत नाहीत. "घे ना. तुझं घर, तुझी मर्जी. पण मग आईची वाट बघू नको. सगळं गाव माझ्याकडून घर घेतंय आणि माझा पोरगा मला न विचारता रानात घर घेतोय. लोक तोंडात शेण घालतील माझ्या. तू लाइनीला लागून घर घे, दुसऱ्या दिवशी तिकीट काढतो. नायतर संचिताचं बाळंतपण तुमचं तुम्ही बघा."

नाक दाबलं की तोंड उघडतं, हे त्याला गिऱ्हाइकांनी शिकवलेलं. फोनमध्ये संचिता निकेतकडे बघत राहिली आणि निकेत जमिनीकडे. इंदूबाईने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. बबन म्हणाला, "तू चहा टाक." ती उठली.

निकेतने लाइनीला लागून असलेलं घर घेतलं. मला त्याचा राग आला आणि अजूनही आहे. एवढा शिकला, एवढा लांब गेला, पण बापाच्या बोटाखालून निसटला नाही. बबनने पेढे वाटले. आमच्या दारात पेढा देताना म्हणाला, "बाई, पुस्तकात लिहून ठेवा. रेवाळेंचं घर अमेरिकेतपण स्टेशनला लागून."

जायच्या आदल्या दिवशी इंदूबाई माझ्याकडे आली. नवे मोजे घातले होते, ते दाखवायला. मी म्हटलं, "वहिनी, तिथं पण गाडी आहे हो." ती म्हणाली, "निकेत म्हणाला, दिवसाला थोड्याच जातात. आणि तिकडच्या गाड्या तरी शहाण्या असतील." तिच्या आनंदाला नाट कशाला लावा म्हणून मी मोज्यांचं कौतुक केलं.

गाड्या शहाण्या नव्हत्या. पहिल्याच आठवड्यात तिचा फोन आला. "राजश्री, इथल्या गाडीला खिडकीच नाय गं. माणूस नाय, कोण हात करत नाय. येते ती संपतच नाय. कोणासाठी चाललीये तेच कळत नाय. आणि आमच्या दाराशी फाटक, तिथं प्रत्येक गाडी भोंगा देते. आपल्याकडच्यापेक्षा मोठा." मग म्हणाली, "आमचे हे फोनवर म्हणतात, चांगलंय, लाइन चालू आहे म्हणजे भाव येणार. मी काय बोलू?"

नातू झाला. अभिनव नाव ठेवलं. नंतरच्या फोनमध्ये तिचा आवाज थकलेला, पण खुशीत. बाळ भोंग्याने दचकून रडतं, म्हणाली. मग गाडी आली की ती त्याला मांडीवर घेते आणि त्याचे दोन्ही कान झाकते. "माझे राहतात उघडे. पण त्याला झोप लागते, मग चालतंय." हे मी बबनला मुद्दाम सांगितलं. तो म्हणाला, "बरोबर आहे. पोराला आत्तापासून सवय झाली पायजे."

पुढचं संचिताने मला फोनवर सांगितलं. सांगताना ती रडत नव्हती, म्हणून ऐकणं जास्त कठीण गेलं. बर्फाचे दिवस होते. निकेत कामावर, म्हणजे लाइनीच्या त्या बाजूला. सकाळपासून एक मालगाडी येऊन उभी राहिलेली, गावातली सगळी फाटकं अडवून. इंजिन कुठेतरी पार गावाबाहेर. इंदूबाई बाळाला तेल लावत होती. लावता लावता तिचा उजवा हात बाळाच्या अंगावरून घसरला आणि परत उचललाच नाही. तोंड वाकडं झालं. काहीतरी सांगायचं होतं, पण शब्द फुटेना. संचिताने आधी बाळ उचललं, मग फोन केला.

अँब्युलन्स लगेच आली. फाटकाच्या पलीकडे आली. दोन डब्यांच्या फटीतून संचिताला तिचा लाल दिवा फिरताना दिसत होता. मध्ये ती गाडी. अँब्युलन्सच्या माणसांना डब्यांखालून येता येईना, कारण गाडी कधीही सुटू शकते आणि सुटताना कोणाला सांगत नाही. शेतातून जाणारा जवळचा रस्ता बर्फाने बंद. मग त्यांनी लांबच्या पुलावरून वळसा घातला. "काकू, मी दारात उभी राहून त्या गाडीवर ओरडले," संचिता म्हणाली. "घशातून रक्त येईल एवढी ओरडले. पण तिच्यात ऐकायला कोणीच नव्हतं. नुसता मका होता."

इंदूबाईला घेऊन परत त्याच वळशाने जावं लागलं. तिथून पुढे मोठ्या हॉस्पिटलमध्ये. डॉक्टर म्हणाले, मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवायचं औषध असतं, पण त्याची वेळ निघून गेली. जीव वाचला. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं.

निकेतने बबनला कळवलं तेव्हा मी तिथंच होते. संचिताने मला आधी सांगून पाठवलं होतं की त्यांना एकटं ठेवू नका. तिची माया. बबनने सगळं ऐकून घेतलं, चेहरा पांढरा झाला, आणि मग त्याने विचारलं, "पण स्टेशनमास्तरकडे कोण गेलं का नाय? गाडी बाजूला घ्यायला सांगायचं ना त्याला!"

मग निकेत म्हणाला, "बाबा, इथं स्टेशन नाही. स्टेशनमास्तर नाही. इथं गाडी माणसांसाठी नसते. किती वेळा सांगितलं तुम्हाला?"

बबनने फोन ठेवला. मला वाटलं, आता तरी हा माणूस मोडेल. त्या क्षणी मला त्याची कीवही आली, खोटं कशाला बोलू. पण तो उठला, खिडकीशी गेला, समोरची लाइन बघत उभा राहिला आणि म्हणाला, "देश भिकारडा आहे. एवढी चांगली लाइन आणि माणसांना गाडी नाय." माझी कीव तिथंच आटली.

इंदूबाई प्रवास करण्याजोगी झाल्यावर निकेत तिला घेऊन इकडे आला. तिकडे घरात बाळ, संचिताची नोकरी, आणि इंदूबाईला चोवीस तास माणूस लागणार. संचिता ते घर सोडून बाळाला घेऊन भाड्याच्या जागेत गेली होती, गावाच्या कडेला. निकेतने इथं आल्यावर दोन कामं केली. दिवसभर थांबणारी एक बाई शोधली, हंसा नावाची, आणि डोंगरीला तळमजल्याचं एक घर बघितलं. मला घेऊन गेला होता दाखवायला. ओटा, समोर माड, लांबवर समुद्र. आम्ही दोघं ओट्यावर उभे राहिलो. काहीही ऐकू येत नव्हतं. निकेतने तोंडावर हात घेतला आणि भिंतीकडे वळला.

संध्याकाळी त्याने बापाशी विषय काढला. बबन म्हणाला, "डोंगरी? तिथं डॉक्टर कोण येणार? रात्री काय झालं तर? अँब्युलन्स कधी पोचणार? अरे, तिथं हॉस्पिटल लांब पडलं म्हणून तुझ्या आईची ही गत झाली. तुझ्या हातून झाली. इथं खाली उतरलं की डॉक्टर, पाच मिनिटांत स्टेशन. आता परत तिला लांब नेऊन टाकू?"

मी निकेतकडे बघितलं. आता बोलेल, आता भांडेल. तो बोलला नाही. त्याच्या हातून झाली, हे शब्द त्याला लागले होते आणि बबनला ते कुठे लागतात हे नेमकं माहीत होतं. निकेत आठवडाभराने परत गेला. जाताना आईच्या पायांशी बराच वेळ बसला. डोंगरीचं घर दुसऱ्या कोणीतरी घेतलं. बबननेच मिळवून दिलं ते गिऱ्हाईक.

आता इंदूबाई त्याच बेडरूममध्ये, त्याच खिडकीखाली पडून असते. बोलता येत नाही. घशातून एक आवाज येतो, तोच हो आणि तोच नाही. हंसा तिचं सगळं मनापासून करते, पण ती नुकतीच आलेली, तिला मागचं काय माहीत? मी शाळेतून आले की पेज भरवायला जाते.

गेल्या रविवारी पेज भरवत होते तेव्हा बबन एक जोडपं घेऊन आला. लोकेश आणि रुचिता, नवीन लग्नाचे, मुलगी पोटुशी. आमच्याच बिल्डिंगमधला एक फ्लॅट विकायला निघालाय, ह्याच बाजूचा. मुलगी विचारत होती, "काका, लोकेशन मस्त आहे, पण ट्रेनचा आवाज किती येतो? बाळ झोपेल ना?"

बबन त्यांना सरळ बेडरूममध्ये घेऊन आला. पलंगापाशी उभं केलं. "आवाजाचं म्हणाल तर ही बघा माझी मिसेस. पेशंट आहे. चोवीस तास इथंच. एवढ्या आजारी माणसाला जर त्रास नाय, तर तुमच्या बाळाला काय होणार? उलट तिला करमतं. बघा, आत्ता गाडी येईल."

"बबनशेठ, बाहेर घेऊन जा ह्यांना," मी म्हटलं.

"एक मिनिट, बाई."

गाडी आली. लांब पल्ल्याची, भोंगा देत. खिडकीची काच थरथरली, वाटीतल्या पेजेवर वर्तुळं उठली. इंदूबाईने डोळे घट्ट मिटले. तिचा डावा हात अंथरुणावरून हळूहळू उचलला गेला आणि डाव्या कानावर जाऊन टेकला. उजवा हात चादरीवर होता तिथंच राहिला. त्याची बोटंसुद्धा हलली नाहीत.

"बघितलंत?" बबन खुशीत म्हणाला. "कानाला हात लावून ऐकतेय. रोज ऐकते. गाडी म्हणजे जीव आहे तिचा."

मुलगी हसली. पुढे होऊन तिने इंदूबाईच्या पायाला हात लावून नमस्कार केला. दोघं बाहेर गेली. हॉलमधून बबनचा आवाज येत होता, निघताना घड्याळ किती होतं आणि आता किती झालं ते तो त्यांना विचारत होता.

गाडी अजून जातच होती. मी पेजेची वाटी खाली ठेवली आणि माझा तळवा तिच्या उजव्या कानावर दाबून धरला. तिने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला तिचा एकच हात होता, तो कानावर होता. गाडी गेली. लगेच दुसरीचा भोंगा ऐकू आला. रविवार होता म्हणून मी बसून राहिले. दुसऱ्या दिवशी शाळा होती.